पातळ शाईतला कोंबडा

शाईला मुदत असते हे सेइगो उरातानी मानायलाच तयार नव्हता. मासळीला मुदत असते, टोफूला असते, निवडून आलेल्या माणसाला तर असायलाच हवी. पण बंद डबीत, अंधारात, कुणाच्या अध्यात ना मध्यात पडून राहिलेल्या शाईने असं काय पाप केलंय, की तिने डबीवरची तारीख बघून प्राण सोडावा?

बस जिथून परत वळते त्या गावातलं विजेच्या सामानाचं दुकान बंद झालं, तेव्हा मागच्या दाराशी खोकंभर प्रिंटरची कार्ट्रिजं ठेवलेली त्याला दिसली. त्याने खोकं उचललं.

"अहो, मुदत संपलीय त्यांची," म्हातारा दुकानदार म्हणाला. "कचऱ्याच्या गाडीची वाट बघतोय मी."

"तुमची-माझी तरी कुठे शिल्लक आहे?" सेइगो म्हणाला, आणि खोकं सायकलला बांधून समुद्राच्या कडेकडेने आपल्या गावी, नामिसेला आला.

या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. घरातला प्रिंटर वर्षभर फडक्याखाली झोपलेला असे. त्याला काम एकच, नववर्षाची शुभेच्छापत्रं छापायची. डिसेंबर लागला की सेइगो खोक्यातलं एकेक कार्ट्रिज काढून सुकलेल्या सुरमईसारखं हातात तोलून बघायचा. मग उपचार सुरू. आधी कोमट ओल्या फडक्यावर त्याचं तोंड टेकवून ठेवायचं. तेवढ्याने उठलं नाही तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपल्याबरोबर आंघोळीच्या गरम टबात न्यायचं. तिथेही शुद्धीवर आलं नाही, तर मांजराला औषध पाजायच्या पिचकारीने वरच्या भोकातून थोडं गरम पाणी सोडायचं. मांजर मरून गेलं होतं, पिचकारी धडधाकट होती. प्रिंटर आपल्या चिमुकल्या पडद्यावर दर वेळी विचारायचा, की शाईची मुदत संपलीय, पुढे काही झालं तर आमची जबाबदारी नाही, तरी छापू का? सेइगो दर वेळी 'हो'चं बटण दाबायचा. बायकोच्या एकाही प्रश्नाला त्याने इतक्या पटकन हो म्हटलेलं गावाला आठवत नाही.

बायको मित्सुए. उरातानींच्या घरात बोलायचं काम तिच्याकडे होतं, आणि ते ती मन लावून करायची. पहिलं पत्र छापून आलं की ते खिडकीशी नेऊन, डोळ्यांसमोर धरून ती निकाल द्यायची, "ही शुभेच्छा नाही, तेराव्याचं आमंत्रण आहे. जा, नवीन शाई आण." मग सेइगो पुटपुटत बस पकडायचा. म्हणजे खरं सांगायचं तर त्या खोक्यातल्या शाईने आजवर एकही नववर्ष धड पार पाडलेलं नव्हतं. पण खोक्यावरचा त्याचा विश्वास ढळला नव्हता.

बारा वर्षांच्या, बारा प्राण्यांच्या चक्रातलं कोंबड्याचं वर्ष येणार होतं त्या डिसेंबरात मित्सुए घरी नव्हती. नागोयाला मुलीचं बाळंतपण होतं. ती गेली तेव्हा सेइगोने तिला स्टेशनवर पोचवलं, घरी येऊन आपल्यापुरता भात लावला, आणि फडकं बाजूला करून प्रिंटरकडे पाहिलं. आता या घरात खिडकीशी उभं राहणारं कुणी नव्हतं.

चित्र झकास होतं. समुद्रातून उगवणारा लाल सूर्य, आणि खडकावर मान ताठ करून उभा असलेला लाल तुऱ्याचा कोंबडा. खाली 'नववर्षाचं अभिनंदन', आणि त्याखाली नवरा-बायको दोघांची नावं. काळं कार्ट्रिज मात्र यंदा हट्टाला पेटलं होतं. फडकं झालं, टब झाला, पिचकारी झाली, तरी ढिम्म. शेवटी सेइगोने विचार केला, की पाण्याने जे म्हातारं उठत नाही ते कशाने उठतं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याने पिचकारीत साके, म्हणजे तांदळाची दारू, भरली, थोडी कार्ट्रिजला पाजली, उरलेली वाया जाऊ नये म्हणून स्वतः प्यायला.

कार्ट्रिज उठलं. नुसतं उठलं नाही, गायला लागलं. पत्रामागून पत्र सरसर बाहेर पडलं, काळं कुळकुळीत, सूर्य लालबुंद. सेइगोने ती गठ्ठा बांधून पोस्टात टाकली. गावातल्या प्रत्येक घराला एक, देवळाला एक. पण मुदत संपलेली शाई ही मुलगी बघायला आलेल्या म्हाताऱ्यासारखी असते. दारातून येताना ताठ, आणि जरा टेकली की सगळं वय बाहेर येतं. नववर्षाची पत्रं एक जानेवारीलाच वाटायची, म्हणून आठवडाभर ती पोस्टात पडून होती. तेवढ्यात काळ्याचं करडं झालं, आणि लाल रंगाने तर देहच ठेवला.

एक जानेवारीला सकाळी नामिसेतल्या घराघरांत उरातानींचं पत्र पोचलं. राखेच्या रंगाचा सूर्य, आणि खडकावर बसलेला बिनतुऱ्याचा कोंबडा, म्हणजे चक्क कावळा. त्याखालची अक्षरं पातळ, करड्या शाईची. दुःखाच्या घरी पैसे घालून द्यायच्या पाकिटावर नाव पातळ शाईने लिहायचं, शाईत डोळ्यांतलं पाणी मिसळलंय असं दिसावं म्हणून, हे नामिसेत शेंबड्या पोरालाही कळतं.

गावाने पत्र हातात धरलं आणि ओळखलं. उरातानींकडे कुणीतरी गेलं. आता कोण, हे काय सांगायला हवं? छापणारा तर रस्त्यात दिसतोय. मित्सुए महिन्याच्या वर झालं दिसलेली नाही. तिकडे नागोयालाच गेली असणार, आणि आजकालच्या पद्धतीप्रमाणे घरच्या घरी उरकलं असणार. यंदा शुभेच्छा नकोत अशी सुतकाची वर्दी डिसेंबरच्या आधी धाडायची असते, तेवढा वेळ बिचाऱ्याला मिळाला नाही. म्हणून छापायचं तेच छापलं, पण शाई रडकी वापरली. "माणूस कंजूस," लोक म्हणाले, "पण रीत सोडली नाही."

नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत मरणाची गोष्ट तोंडातून काढायची नसते. त्यामुळे त्याला कुणी काही विचारलं नाही.

सेइगो दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने "अभिनंदन" म्हणत होता. लोक थबकत, नेहमीपेक्षा खूप खाली वाकत, आणि एक शब्द न बोलता पुढे जात. ओकितांचा दाइसाकू, शेजारचाच, वाकला तो इतका की त्याची टोपी बर्फात पडली.

'जळतायत,' सेइगोला वाटलं. 'पाण्यात पाहतायत मला.'

त्याला असं वाटायला कारण होतं. नामिसेत समुद्रदेवाचा मान घरोघरी पाळीने फिरतो, आणि यंदा पाळी उरातानींची होती. मानकऱ्याने जानेवारीच्या मध्याला पहाटे समुद्रात बुडी मारायची, पांढरे कपडे घालायचे, मासा, मीठ आणि तांदळाचा मोचि मांडलेलं ताट डोळ्यांच्या उंचीवर धरायचं, ताटावर श्वास पडू नये म्हणून दातांत एक हिरवं पान धरायचं, आणि घरापासून देवळापर्यंत चालत जायचं. वाटेत एक शब्द बोलायचा नाही. एवढंच. यात ना पैसा, ना खुर्ची. पण नामिसेतला पुरुष याच्यासाठी जन्म काढतो, कारण एकदा गेलेली पाळी परत यायला माणसाचं आयुष्य लागतं. आणि घरात सुतक असेल तर पाळी थांबत नाही, सरळ पुढच्या घरी जाते.

सेइगो शाळेत होता तेव्हा पाळी त्याच्या बापाची होती. दिवस ऐन आठवड्यावर आला असताना आजी गेली. बापाने पांढरे कपडे घडी करून पेटीत ठेवले आणि ताट शेजारी ओकितांकडे गेलं. बाप पुढे कितीतरी वर्षं जगला, पण ओकितांच्या घरावरून जाताना मान समुद्राकडे वळवूनच गेला. ते पेटीतले कपडे सेइगोने नोव्हेंबरातच उन्हात घातले होते. बाप अंगाने मोठा, म्हणून बाह्या आत दुमडून शिवूनही घेतल्या होत्या. आता पाळी हुकली तर पुढची बघायला तो कुठला असायला?

चौथ्या दिवशी पलीकडच्या घरची हात्सुनो आली. काळा स्वेटर, हातात मुळ्याचं शिजवलेलं भांडं, आणि काळी-पांढरी दोरी बांधलेलं पाकीट. पाकीट बघून सेइगोने दार पूर्ण उघडलं.

"ये, आत ये," तो म्हणाला. "कोण गेलं?"

हात्सुनोने कळवळून त्याच्याकडे पाहिलं. माणसाला धक्का बसला की असंच होतं म्हणतात.

"सेइगोकाका, बसा तुम्ही आधी."

"मी बसतो गं. तू सांग. सासरे का?"

"सासऱ्यांना काय धाड भरलीय? ते आत्ता दोन वाट्या सूप पिऊन झोपलेत." तिने पदराआड लपवावं तसं पाकीट स्वेटरखाली धरलं. "काकू गेल्या ना."

"कुणाची काकू?"

"आपली. मित्सुएकाकू."

सेइगोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळीच तर ती फोनवर बोलली होती. गॅस बंद केलास का, मोजे बदललेस का, हेशिकोचं, त्या खारवलेल्या मासळीचं, डबडं उघडं टाकू नकोस, मांजरं येतील. इतकं बोलून तासाभरात माणूस जातं? आणि गेलं तर हिला आधी कसं कळलं?

"कधी?" त्याने विचारलं.

"ते आम्हाला काय माहीत? तुम्हीच कळवलंत." आणि हात्सुनोने खिशातून पत्र काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

सेइगोने चष्मा लावला. राखेचा सूर्य पाहिला, कावळा पाहिला. पत्र उलटं करून मागचा पत्ता पाहिला. अक्षर त्याचंच होतं. पत्राला किंचित साकेचा वास येत होता.

"हा कोंबडा आहे," तो म्हणाला.

"असेल काका," हात्सुनो हळुवारपणे म्हणाली. "दुःखात माणसाला काहीही दिसतं."

तिची समजूत पटवायला फोनच लावावा लागला. मित्सुएने पलीकडून "काय जाळलंस आता?" असं विचारलं, तेव्हा हात्सुनोने भांडं खाली ठेवलं, आणि दोघी बराच वेळ बोलल्या. सेइगो पाकिटाकडे बघत बसून राहिला. शेवटी फोन त्याच्या हातात आला.

"मी मेले म्हणे," मित्सुए म्हणाली. "कोण कोण आलं?"

"हात्सुनो."

"आणि?"

"आणि कुणी नाही अजून. आजच चौथा दिवस आहे."

"चार दिवसांत एक माणूस," ती म्हणाली. "आणि मी या गावच्या प्रत्येक बाळंतिणीला सूप करून घातलंय. त्या दाइसाकूची बायको नाही आली?"

"आधी तू गावाला सांग, तू जिवंत आहेस म्हणून. सात तारखेला मानाच्या पाळीची बैठक आहे. सुतक धरलं तर ताट ओकितांकडे जाईल."

पलीकडे बाळ रडायला लागलं. तिने ते मुलीकडे दिलं.

"पुन्हा ओकितांकडे," मित्सुए म्हणाली.

"हो."

"तुला सांगून गेले होते, नवीन शाई आण म्हणून?"

"सांगितलं नव्हतंस."

"मग चुकलंच माझं. लाव, एकेकाला फोन लाव."

सेइगोने फोन खिशात घातला आणि घरोघर फिरला. पण तिथे वेगळीच गंमत झाली. मागल्याच पावसाळ्यात पोलिसांनी गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांना बसवून शिकवलं होतं, की फोनवर 'मीच बोलतोय, तुमचा मुलगा' असं सांगून लोक लुबाडतात. तेव्हा फोनवरच्या ओळखीच्या आवाजावर कधीही विश्वास ठेवू नका. नामिसेने तो धडा घोकून पाठ केला होता. लोक फोन कानाला लावायचे, मित्सुए तिकडून त्यांच्या दाढदुखीपासून सुनेपर्यंत सगळं विचारायची, आणि लोक फोन परत देऊन म्हणायचे, "आवाज हुबेहूब आहे हो. सांभाळून राहा, काही पैसे-बियसे देऊ नका."

दाइसाकूने तर फोन हातातच घेतला नाही.

"सेइगोदादा," तो म्हणाला, "तुमचं दुःख मला कळतं. वहिनी गेल्या, आणि वर मान गेला. देव देतो आणि कर्म नेतं, दुसरं काय?"

"मान कुठेही गेलेला नाही. आणि वहिनीही नाही."

"नाही ना? मग येऊ देत सात तारखेला. मी स्वतः हाताला धरून आत घेईन." दाइसाकूने गुडघ्यावरून हात फिरवला. "मला काय हौस आहे? पुढल्या वर्षी पाळी माझीच आहे. पण उन्हाळ्यात दोन्ही गुडघे कापायचेत. पुढच्या जानेवारीत मी देवळाच्या पायऱ्या चढेन का, हे डॉक्टर सांगत नाहीत."

तो खोटं बोलत नव्हता. सेइगोला तेच जास्त झोंबलं.

सहा तारखेच्या दुपारपासून बर्फ सुरू झालं. सात तारखेला सकाळी, नागोयाहून निघालेल्या मित्सुएची आगगाडी दोन स्टेशनं आधीच थांबली आणि बसचा तर पत्ताच नव्हता. सभागृहात रॉकेलच्या शेगडीभोवती गाव जमलं. त्या दिवशीची सात भाज्यांची पेज वाडग्यांतून वाफाळत होती. मधोमध सुएमात्सु आजोबा बसले होते. गावात सर्वांत म्हातारे तेच, म्हणून न्याय त्यांच्याकडे. त्यांना कमी ऐकू येत असे, आणि त्याचा त्यांना न्यायदानात फार उपयोग होई.

"बारापर्यंत थांबू," आजोबा म्हणाले. "त्यानंतर ताट ओकितांचं."

सेइगोने पेजेला हात लावला नाही. तो दाराकडे तोंड करून बसला होता. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून "रडून मोकळे व्हा" म्हणालं.

बाराच्या जरा आधी बाहेर मोठी घरघर झाली. रस्त्यावरचं बर्फ बाजूला ढकलत जाणारी पिवळी गाडी सभागृहापुढे थांबली आणि वरून कुणीतरी खाली उतरलं. दार सरकलं. उंबऱ्यात मित्सुए उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, केसांवर बर्फ, भुवयांवर बर्फ, गळ्यात गाठोडं. शेगडीपाशी कुणाचा तरी वाडगा कलंडला. एका म्हातारीने हात जोडले आणि दुसरीने स्तोत्र सुरू केलं. बाकी सगळ्या गावाने एकदम तिच्या पायांकडे पाहिलं, कारण भुताला पाय नसतात.

पाय होते. लोकरी मोज्यांतून पाणी गळत होतं.

"चहा आहे का कुणाकडे?" मित्सुए म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता दाइसाकूच्या बायकोसमोर जाऊन बसली. "काय गं, मी मेले आणि तू साधी डोकावलीसही नाही?"

"येणारच होते वहिनी," ती बिचारी म्हणाली. "नखांना रंग लावला होता, तो निघेना. अशा हातांनी कसं यायचं?"

सभागृह हसलं. सेइगो मात्र हसला नाही. तो सुएमात्सु आजोबांकडे बघत होता.

"पाहिलंत ना?" तो म्हणाला. "सुतक नाही."

दाइसाकू खाकरला. शब्द दिल्याप्रमाणे त्याने मित्सुएला हाताला धरून आत घेतलं नव्हतं, कारण ती आपली आपणच आत आली होती. पण माणूस हातातोंडाशी आलेला घास असा सहजासहजी सोडत नाही.

"सुतक नसेल," तो म्हणाला, "पण सोयर? नागोयाला बाळ झालंय. वहिनी थेट बाळंतिणीच्या खोलीतून आल्यात."

"मुलगी परघरची," आजोबा म्हणाले. त्यांना हे बरोबर ऐकू आलं होतं. "तिची सोयर तिच्या सासरी. पुढे बोल."

"मग पत्राचं काय आजोबा? गावभर सुतकाची शाई वाटलीय यांनी. आम्ही तीन दिवस तोंडं पाडून बसलो. माझ्या घरात सणाची साके उघडली नाही कुणी."

"शाई म्हातारी होती," सेइगो म्हणाला. "छापली तेव्हा काळीच होती. चूक झाली. गावाने परत घ्यावी."

"गाव घेईल परत," आजोबा म्हणाले. मग त्यांनी डोळे असे काही मिटले, की त्यांना डुलकी लागली असं वाटून कुणीतरी शेगडीची वात वर केली. "पण देवळालाही एक पत्र आलं ना?"

"सगळ्यांना धाडली तशी धाडली."

"आलेली सगळी पत्रं पुजारी एक तारखेला देवापुढे ठेवतो. तुझंही ठेवलं. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे देवाला तू कळवलंयस, आणि तेसुद्धा नववर्षाच्या पहिल्या दिवशी." आजोबांनी डोळे उघडले. "गावाला सांगितलेलं माणूस परत घेऊ शकतो रे. देवाला सांगितलेलं कसं परत घ्यायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही."

"मग ताट—" दाइसाकू पुढे सरकला.

"थांब. घरात मेलं कुणी नाही. मेलं नाही तर घराला सुतक नाही. घराला सुतक नाही तर पाळी उरातानींचीच." आजोबांनी सेइगोकडे बोट केलं. "पण ज्याने देवाला सुतक कळवलं, तो यंदा देवळाच्या कमानीच्या आत येणार नाही. घराचं दुसरं माणूस ताट नेईल."

"घरात दुसरं कोण आहे?" सेइगो म्हणाला.

मग तोही इतरांच्या नजरेमागोमाग वळला. मित्सुए दाइसाकूच्या बायकोच्या वाडग्यातली पेज पीत होती.

"बाई?" दाइसाकू म्हणाला.

"युद्धात गावात पुरुष होते कुठे?" आजोबा म्हणाले. "माझ्या आईने नेलं होतं. मी मागे चालत होतो. देवाने तेव्हा तक्रार केली नाही, आणि त्या वर्षी मासळी भरपूर लागली."

"बाईचं नाही हो आजोबा," दाइसाकू म्हणाला. "ही बाई एक शब्द न बोलता तिथपर्यंत जाईल असं तुम्हाला वाटतं?"

यावर मात्र सभागृहात खरोखरीची चर्चा झाली. बराच वेळ चालली. शेवटी ठरलं, की वाटेत एक शब्द जरी निघाला तर ताट तिथल्या तिथे दाइसाकूच्या हातात द्यायचं, आणि त्याने पांढरे कपडे घालून मागून चालायचं. मित्सुएने वाडगा खाली ठेवून सेइगोकडे पाहिलं, तेव्हा त्याने मान डोलावली. घराची पाळी तरी घरात राहिली होती.

जानेवारीच्या मध्याला, मानाच्या दिवशी पहाटे समुद्र शिशासारखा होता. मित्सुए हात्सुनोच्या खांद्याला धरून पाण्यात उतरली, बुडी मारली, आणि वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. सेइगोने बापाचे पांढरे कपडे तिच्या अंगावर चढवले. त्याने स्वतःसाठी दुमडून शिवलेल्या बाह्या तिला तरीही लांब झाल्या, म्हणून त्या त्याने गुडघ्यावर बसून पुन्हा एकदा दुमडल्या. हात्सुनोने दातांत पान दिलं. ताट वर गेलं.

वाट तशी लांबची नाही, पण बर्फातून ताट डोळ्यांसमोर धरून जायचं म्हणजे पायाखालचं काही दिसत नाही. सेइगो तिच्या बाजूने चालू लागला. कमानीपर्यंत चालायला त्याला कुणाची मनाई नव्हती.

"पुढे डावीकडे खड्डा आहे," तो हळूच म्हणाला. "उजवीकडून ये."

उत्तर आलं नाही. सेइगोला हे नवं होतं.

"ताट जरा खाली आलंय. हां. हळू. दाइसाकू मागे जवळ आलाय, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस." थोडं चालून झालं. "बाबा रोज संध्याकाळी अंगणात रिकामं ताट घेऊन चालायचे. आजी आजारी पडायच्या आधी. मी लाकडाच्या ढिगामागून बघायचो. हे तुला कधी सांगितलं नाही मी." मित्सुए एकेक पाऊल चाचपत पुढे जात होती. "कपडे उन्हात घातले त्या दिवशी तू होतीस ना? नाही, तू आधीच गेली होतीस. मी घालूनही बघितले. आरशात बाबांसारखा दिसत नव्हतो मी. तुझ्या आईसारखा दिसत होतो."

मित्सुएच्या नाकपुड्या फुलल्या. पान हललं. मागून दाइसाकू दोन पावलं पुढे आला. पान जागच्या जागी राहिलं.

"नवीन शाई आणायला हवी होती," सेइगो म्हणाला. "बस पकडायचा कंटाळा आला, दुसरं काही नाही. आणि तू सात दिवस मेलेली होतीस म्हणतात, पण मला ते जाणवलंच नाही. तू रोज फोनवर ओरडत होतीस."

पुढे लाल कमान आली. सेइगो थांबला. मित्सुए न थांबता कमानीखालून गेली आणि पायऱ्या चढू लागली. तिच्यामागे दाइसाकू, प्रत्येक पायरीवर गुडघ्याला हात देत. मग सुएमात्सु आजोबा, मग गाव. सेइगोला लांबून नुसती पाठ दिसत होती, बाहीच्या टोकाशी उसवलेला एक दोरा आणि वर धरलेलं ताट. मग पाठही दाराआड गेली. आतून देवाला नमस्कार करायच्या दोन टाळ्या ऐकू आल्या. हातमोजे घरी राहिले होते. त्याने हात काखेत घातले आणि बापाने नुसत्या रिकाम्या ताटाने कितीदा हे अंतर चाललं असेल, याचा विचार करत तिथेच उभा राहिला.

देवळातून लोक खाली येऊ लागले. दाइसाकू आधी आला. त्याच्या हाताला काही लागलं नव्हतं, पण पायऱ्या मात्र तो सगळ्या चढून उतरला होता.

"नाही बोलली," तो म्हणाला. "एक अक्षर नाही. मी आत सगळ्यात जवळ होतो." आणि कपाळावरचा घाम पुसत तो कमानीच्या आतल्या जेवणाच्या मांडवाकडे निघून गेला.

मित्सुए सगळ्यांच्या शेवटी आली. कमानीच्या आतल्या बाजूला, सेइगोपासून हातभरावर ती थांबली. तिने दातांतलं पान काढून बाहीत ठेवलं, जबडा दोनदा उघडमिट करून पाहिला, आणि खोल श्वास घेतला.

"पहिलं म्हणजे," ती म्हणाली, "खड्डा उजवीकडे होता. दुसरं, माझ्या आईबद्दल."

आत मांडवात जेवणाची ताटं मांडून झाली होती. कुणीतरी दोघांनाही हाका मारत होतं, मग आजोबांचा निकाल आठवून एकटीलाच मारू लागलं. तिने त्या दिशेला हात हलवून थांबायला सांगितलं आणि तिसऱ्या मुद्द्याला हात घातला. सेइगो कमानीबाहेर बर्फात उभा राहून ऐकत राहिला.